नदीखोऱ्यात संरक्षणाच्या जागा कशा ठरवाव्यात

एखाद्या डोहाभोवती कुंपण घातले तरी वरच्या अंगाचे सांडपाणी त्याच डोहात उतरते, आणि खालच्या अंगाला बंधारा असला तर अंडी घालायला वर येणारा मासा तिथवर पोहोचतच नाही. म्हणून खोऱ्याचे नियोजन चौकोनी घरांच्या जाळीवर करू नका. निवडीचा घटक उपखोरे, म्हणजे एकेका ओढ्याला पाणी देणारा खोऱ्याचा तुकडा, हाच हवा आणि प्रत्येक उपखोऱ्याला आपले पाणी पुढे कुठे जाते हे ठाऊक हवे.

उपखोरी पाडण्यासाठी उंचीचा नकाशा लागतो. जगभरासाठी ३० मीटरच्या ठिपक्यांचा विनामूल्य मिळतो आणि काम क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-प्रोग्रॅममध्ये होते. आधी नकाशातले खोटे खड्डे भरा, मग प्रवाहाची दिशा आणि प्रत्येक ठिपक्यापाशी किती क्षेत्राचे पाणी जमते ते काढा. ३० मीटरचा एक ठिपका म्हणजे ९०० चौरस मीटर. किमान १,००० ठिपक्यांचे पाणी जमते तिथून ओढा धरला, तर तो ०.९ चौरस किलोमीटर पाणलोटापासून सुरू होतो. कोरड्या प्रदेशात हा आकडा वाढवा, नाहीतर पाणी कधीच न वाहणाऱ्या घळीही ओढे म्हणून उमटतात. सपाट पूरमैदानात आणि कालव्यांच्या जाळ्यात संगणक हमखास चुकतो. तिथे उपग्रहचित्रावरून नदीची खरी रेघ आखून ती उंचीच्या नकाशात खोल कोरून घ्या आणि मग गणित पुन्हा करा. एवढे करायचे नसेल तर हायड्रोबेसिन्स या जागतिक माहितीसंचातली तयार उपखोरी १२ पातळ्यांत मिळतात; लहान खोऱ्याला मात्र त्यांची सर्वांत बारीक पातळीही ढोबळच पडते.

आता काय राखायचे त्याची यादी करा. मासे, शिंपले, कासवे यांच्या नोंदी बहुधा पुलांजवळच्या आणि रस्त्यालगतच्या असतात. नोंद नाही म्हणजे प्राणी नाही, असे धरले तर दुर्गम उगमाकडचे ओढे यादीतून आपोआप गळतात. धरणाच्या वरची नोंद धरणाआधीची आहे का, हेही तपासा. स्थलांतर करणारा मासा तिथे आता उरलेला नसेल. नोंदी विरळ असतील तर नदीचे प्रकार पाडा: ओढ्याचा दर्जा (उगमाजवळचा लहान की संगमांनंतरचा मोठा), उतार, खडक, आणि पाणी बारमाही की हंगामी. हंगामी ओढे वगळू नका, कित्येक मासे अंडी घालायला तिथेच चढतात.

उद्दिष्ट क्षेत्रफळात न मांडता नदीच्या किलोमीटरांत मांडा. अमुक प्रकारची २०० किमी नदी असेल आणि उद्दिष्ट २० टक्के असेल, तर ४० किमी निवडीत यायलाच हवेत. एक-दोन ठिकाणीच उरलेल्या जातीसाठी टक्केवारी निरर्थक आहे; तिथे १०० टक्केच धरा.

जागांची निवड मार्क्सॅन हा संगणक-प्रोग्रॅम करतो: उद्दिष्टे कमीत कमी किमतीत पुरी करणारी उपखोरी तो शोधतो. म्हणून प्रत्येक उपखोऱ्याची किंमतही ठरवावी लागते. किंमत म्हणून नुसते क्षेत्रफळ दिले तर संगणक लहान लहान तुकडे वेचतो. पाणीउपसा, शेती, वस्ती आणि खाणी यांचा भार त्यात धरा.

खरी कसोटी जोडणीची. मार्क्सॅनमध्ये दोन घटकांतला संबंध सीमा-फाइलमध्ये लिहितात. तिथे समान सीमेची लांबी देणे ही नेहमीची चूक. तसे केले की पाणी वेगळीकडे वाहणारे, डोंगरापलीकडचे उपखोरेही शेजारी ठरते. त्याऐवजी वरचे आणि खालचे उपखोरे जोडा आणि वजन अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठेवा: ५ किमीवर ०.२, ५० किमीवर ०.०२. म्हणजे निवडलेल्या जागेच्या लगतचा वरचा भाग सुटला तर दंड मोठा, दूरचा सुटला तर किरकोळ. माशांसाठी जोडणी काढताना धरणापाशी दुवा तोडा. पाण्याच्या गुणवत्तेसाठी मात्र तो ठेवा, कारण प्रदूषण धरण ओलांडून खाली येतेच.

जोडणीच्या दंडाला किती महत्त्व द्यायचे ते जोडणीचा गुणक ठरवतो. तो आधी शून्य ठेवून पाहा, मग एखाद्या लहान आकड्यापासून दर वेळी दहापट वाढवा. किंमत एकदम चढते पण जोडणी फारशी सुधारत नाही, त्याच्या आधीच्या आकड्यावर थांबा. उद्दिष्टे अपुरी राहिली तर त्या जातीचे उद्दिष्ट हुकल्याचा दंड वाढवा. नंतर १०० वेळा चालवा आणि एकाच ‘सर्वोत्तम’ नकाशावर विसंबू नका. ९० वेळा निवडले गेलेले उपखोरे टाळता येत नाही. ४० वेळा आलेल्याला पर्याय आहेत, तिथे चर्चेला वाव आहे.

निवडलेल्या सगळ्या जागी सारखेच नियम लावायचे नसतात. अख्खे पाणलोट बंद करायचे म्हटले तर विरोध होतो आणि त्याची गरजही नसते. गाभ्याच्या जागा म्हणजे विणीचे डोह आणि दुर्मीळ जातींचे ओढे: तिथे मासेमारी, वाळूउपसा आणि नवे बांधकाम नको. आधाराच्या जागा म्हणजे स्थलांतराची वाट, काठवन, भूजल मुरण्याचे पट्टे: तिथे नेमका तोच गुण सांभाळावा, बाकी वापर चालू राहू द्यावा. उरलेल्या पाणलोटात शेती आणि वस्ती राहील. सांडपाणी आणि मातीची धूप यांवर मात्र बंधने हवीत.

नकाशा पक्का करण्याआधी गाभ्याची प्रत्येक जागा उन्हाळ्यात आणि पुरानंतर, अशी दोनदा पाहा. मासेमारांना सोबत घ्या. कोणत्या डोहात पाणी टिकते हे त्यांना ठाऊक असते. वर धरण असेल तर तिथल्या विसर्गाचे वेळापत्रक मागवून माशांच्या विणीच्या महिन्यांशी ताडून पाहा. त्या महिन्यांत पाणी सुटत नसेल आणि वेळापत्रक बदलणार नसेल, तर ती जागा त्या जातीच्या उद्दिष्टातून वजा करा आणि निवड पुन्हा चालवा.