गॅसचं बिल ‘अंदाजे’ आलंय? मग या चुका टाळा

घरोघरी पाइपने गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅस कंपनीचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि आपली नजर थेट रकमेवर जाते. त्याआधी बघायचं ते एवढंच, की रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे. मीटर घरात आणि घराला कुलूप, हे नौपाड्यातही होतं नि नेरूळलाही. गणपतीत तर निम्मी सोसायटी कोकणात. रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत जातो आणि आधीच्या वापरावरून अंदाजाने बिल निघतं.

असं बिल कमी आलं म्हणून खूश होऊन गप्प बसणं, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. समजा शेवटचं खरं रीडिंग ४१२ होतं. मग दोन बिलं अंदाजे आली, प्रत्येकी १५ घनमीटरची. म्हणजे कंपनीच्या हिशेबात मीटर ४४२ वर. तिसऱ्या वेळी प्रत्यक्ष पाहिलं तर ४७६! आता ३४ घनमीटरचं बिल येतं आणि घरात ओरड होते, ‘मीटर पळतोय!’ मीटर पळत नसतो. सहा महिन्यांत ६४, म्हणजे दर बिलाला २१ च्या आसपास. आधी कमी लावलेलं आता वसूल झालं. उलट मीटर ४३० वरच असेल, तर १२ घनमीटर जास्तीचे लावलेले असतात आणि ते पुढे वळते होतात. तेव्हा तक्रार करण्याआधी जुनी बिलं काढून शेवटचं प्रत्यक्ष रीडिंग शोधा आणि तिथपासून वजाबाकी करा.

आकडा पटत नसेल तर एक ढोबळ पडताळणी आहे. १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण १८ घनमीटर पाइप गॅस. पूर्वी तुमचा सिलिंडर दीड महिना पुरत असेल, तर दोन महिन्यांना २४ घनमीटर हे रास्तच.

स्वतः रीडिंग पाठवताना लाल आकडे घेऊ नका. ते दशांश चिन्हानंतरचे. ००४७६ च्या पुढे लाल ५८३ दिसत असतील, तर रीडिंग ४७६, चार लाख नव्हे. मीटर नंबरही फोटोत येऊ द्या आणि बिलावरच्या नंबरशी ताडून पाहा. मीटर बाहेर डक्टमध्ये ओळीने लावलेले असतील तर शेजाऱ्याचं रीडिंग सहज जातं. आणि हे सगळं बिल निघण्याआधी.

घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटांत एक वेगळीच हौस दिसते: किचन ट्रॉली करताना मीटर फर्निचरमागे गाडून टाकायचा. दिसायला छान, पण मग घरी माणूस असूनही रीडिंग अंदाजेच, शिवाय व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. सुताराला आधीच सांगा, मीटरसमोर उघडणारं, जाळीचं दार हवं.

वापर खरंच वाढलेला दिसतोय? शेगडी आणि गॅस गिझर पूर्ण बंद करा, व्हॉल्व्ह चालू ठेवा आणि शेवटचा लाल आकडा अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. तो सरकला तर गळती समजा. वास आला तर मात्र आकडे बघत बसू नका: व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बिलावरच्या आपत्कालीन नंबरवर फोन घराबाहेर जाऊन. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, पाइपचा हलका असल्याने वर चढतो. नुसतं खाली हुंगून भागत नाही.

भाड्याचं घर सोडताना मीटरचा फोटो तारखेसह काढून घरमालकाला पाठवा. शेवटचं बिल अंदाजे आलं, तर डिपॉझिटमधून किती कापायचं हे त्यावरूनच ठरेल.