शिलाई मशीनवरची बसण्याची सवय कशी बदलावी

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात दुपारी चारनंतर पाहिले, तर बहुतेक कारागिरांच्या माना सुईकडे झुकलेल्या आणि खांदे कानांजवळ चढलेले दिसतात. सुपरवायझरने ‘सरळ बसा’ असे सांगितले की सगळे सावरून बसतात. कॉलर जोडायची वेळ आली की पुन्हा वाकतात. यात कारागिराचा हलगर्जीपणा नसतो. टाका नीट दिसत नाही, पायडल लांब पडते, बंडल जमिनीवर असते, म्हणून शरीर वाकते, आणि रोजच्या वाकण्याची पुढे सवय होते. ही सवय उपदेशाने सुटत नाही, परंतु ठरवून, मोजून आणि वेळच्या वेळी सांगून ती निश्चित बदलता येते.

त्याआधी बसण्याची सोय सुधारली पाहिजे, कारण चुकीच्या उंचीच्या स्टुलावर बसवून कारागिराला बसण्याची रीत शिकवणे हा अन्याय आहे. हात मशीनवर ठेवले असता कोपर साधारण टेबलाच्या पातळीत यावे, दोन्ही पाय पायडलवर पूर्ण टेकावेत आणि सुईवर स्वतंत्र दिवा असावा. मशीनच्या स्टँडचे बोल्ट सैल करून टेबलाची उंची बदलता येते. स्टूल बुटके असेल तर जुन्या चादरीची घट्ट घडी घालूनही काम भागते. शिवायचे बंडल जमिनीवर न ठेवता हाताच्या उंचीच्या बाकावर ठेवावे. एवढे केल्यावरही जे वाकणे उरते, ते सवयीचे असते.

त्यानंतर तीन-चार कृती निवडाव्यात आणि त्या डोळ्यांना दिसतील अशा शब्दांत लिहाव्यात. ‘नीट बसणे’ हे मोजता येत नाही. ‘कंबर स्टुलाच्या पाठीला टेकलेली आहे’, ‘दोन्ही पाय पायडलवर आहेत’, ‘बंडल घेताना कमरेला पीळ न देता पाय सरकवून पूर्ण वळले’ हे मोजता येते. शब्द बरोबर जमले की नाही, हे तपासण्यासाठी दोघांनी एकाच वेळी एकाच कारागिराकडे पाहून आपापली वेगळी नोंद करावी. नोंदी जुळल्या नाहीत, तर दोष पाहणाऱ्याचा नसून वाक्याचा आहे असे समजून ते वाक्य पुन्हा लिहावे.

पहिला आठवडाभर कोणालाही काही न सुचवता फक्त नोंद करावी, मात्र ती कशासाठी चालली आहे हे सर्वांना आधी सांगावे. दिवसातून काही वेळा, वेळ न ठरवता, क्षणभर पाहून कृती बरोबर होती की नव्हती एवढीच खूण करावी आणि त्यावरून शेकडा प्रमाण काढावे. शेवटच्या दोन तासांतील नोंद चुकवू नये, कारण थकव्याने सवय तिथेच मोडते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच्या घाईत तर ती अधिकच मोडते. नोंदीच्या कागदावर नाव लिहू नये. या कागदावरून एकाचीही मजुरी कापली गेली, तर पुढची प्रत्येक नोंद खोटी होईल.

नगावर मजुरी असलेल्या कारागिराला ‘दर तासाला उठा’ असे सांगणे व्यर्थ आहे. त्याऐवजी कामात आधीच असलेली खूण वापरावी. बॉबिनमधला दोरा संपला की काम तसेही थांबते. नवी बॉबिन भरण्यापूर्वी उभे राहायचे, खांदे दोनदा मागे फिरवायचे, नजर दूर भिंतीवर न्यायची आणि मग बसायचे. खूण हाताशी असल्याने ती वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

सांगण्याची रीत हा या पद्धतीचा गाभा आहे. कृती घडताच, जवळ जाऊन, नेमके सांगावे: ‘अक्का, आत्ता बंडल घेताना पूर्ण वळलात, तसंच करत जा.’ कारागीर घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल, तर त्याच भाषेत सांगावे. संपूर्ण विभागाचे शेकडा प्रमाण दाराजवळच्या फलकावर दर आठवड्याला मांडावे. अमेरिकेतील एका बेकरी कारखान्यात ज्युडिथ कोमाकी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा फलकामुळे दोन विभागांतील सुरक्षित कृतींचे प्रमाण सुमारे ७० आणि ७८ टक्क्यांवरून ९६ आणि ९९ टक्क्यांपर्यंत गेले; फलक थांबवताच ते जवळजवळ पूर्वपदावर आले. म्हणून प्रमाण वाढले तरी नोंद बंद करू नये, ती हळूहळू विरळ करावी.

नोंद करण्याचे काम सुपरवायझरकडेच न ठेवता कारागिरांकडे पाळीपाळीने द्यावे. दुसऱ्याची बैठक तपासणाऱ्याची स्वतःची बैठकही सुधारते, असे अल्व्हेरो आणि ऑस्टिन या संशोधकांच्या २००४ मधील प्रयोगात दिसून आले. सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांनाही हे करता येईल, कारण तिथे सुपरवायझर नसला तरी शेजारीण असते. पाठ भिंतीला टेकवावी, सूप मांडीवर खोल न ठेवता पाटावर उंच घ्यावे, प्रत्येक बंडल बांधून झाले की पायांची घडी बदलावी, आणि हे झाले की नाही ते दोघींनी एकमेकींना सांगावे.

बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे किंवा कंबरेची कळ पायात उतरणे, यांपैकी काही जाणवल्यास फलकावरील प्रमाण सुधारण्याची वाट पाहू नये. त्या कारागिराला त्याच दिवशी वेगळे काम द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.