नॅसच्या डिस्क बदलल्या आणि कुलूपबंद फोल्डर उघडेना? या चुका टाळा

नॅस (NAS, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं डिस्कचं खोकं) भरत आला की मोठ्या डिस्क आणायच्या, जुन्या काढून नव्या बसवायच्या आणि सकाळी कामाला लागायचं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मशीन एन्क्रिप्टेड (डेटा पासवर्डने कुलूपबंद) असेल तर हे काम घाईचं नाही. डेटा बहुतेक वेळा डिस्क बदलताना जात नाही. बिघाड दिसल्यावर पुढच्या दोन तासांत जी बटणं दाबली जातात, त्यांनी जातो.

पहिली डिस्क भरायच्या आत दुसरी काढणे

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि लग्नसराईत तर हमखास. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत चार डिस्कचा नॅस होता, रेड ५ (RAID, डेटा अनेक डिस्कवर वाटून एक गेली तरी बाकींवरून तो परत उभा करण्याची पद्धत), प्रत्येक डिस्क ४ टीबीची. त्यांच्या जागी ८ टीबीच्या घालायच्या होत्या. पहिली बदलली, रिबिल्ड (काढलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा लिहिणं) सुरू झालं. ४ टीबी पुन्हा लिहायला सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी साडेसात तास लागतात, आणि मशीनवर एडिटिंग चालू असेल तर त्याच्या दुप्पट. स्टुडिओतल्या मुलाने ४० टक्क्यांवर आकडा अडकलेला पाहिला आणि 'बाकीचं आपोआप होईल' म्हणून दुसरी डिस्कही ओढली. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो. नवी डिस्क अर्धवट, दुसरी बाहेर, मशीनची बीप चालू आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत व्हॉल्यूम (सगळ्या डिस्क मिळून झालेली डेटाची जागा) क्रॅश.

दुसरी डिस्क परत ढकलली तरी लाल अक्षरं जात नाहीत. नेमक्या या वेळी स्क्रीनवर नवीन स्टोरेज पूल (डिस्कचा नवा, रिकामा गट) तयार करण्याचं बटण समोर असतं. ते दाबू नका. मशीन नीट शटडाउन करा, डिस्क काढा आणि प्रत्येकीवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि खणाचा क्रमांक मार्करने लिहा. (ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कित्येकांनी डिस्क उपसून वरच्या मजल्यावर नेल्या. कुठली डिस्क कुठल्या खणातली, हे नंतर कोणालाच सांगता येईना. डिस्कवर रेडची नोंद शाबूत असेल तर क्रम कळतो. ती बिघडली असेल तर मार्करची खूणच कामाला येते.)

त्या स्टुडिओचा डेटा वाचला, कारण चारही जुन्या डिस्क ड्रॉवरमध्ये होत्या. काम पुढील क्रमाने झालं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जुन्या डिस्कची डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने सेक्टर-टू-सेक्टर कॉपी काढली आणि पुढचं सगळं कॉपीवरच केलं. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड हाताळणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे रेडमधल्या बदलांचा मोजलेला आकडा, पाहिला. दुसरी डिस्क बाकी दोघींपेक्षा थोडीच मागे होती, म्हणून त्या तिघींना फोर्स असेंबल केलं, म्हणजे जबरीने एकत्र उभं केलं. पहिली जुनी डिस्क काही तास आधी निघालेली, तिच्यावरचा हिशेब शिळा. तिला मुद्दाम बाजूला ठेवलं. तिसरीवर किंवा चौथीवर वाचता न येणारे सेक्टर निघाले असते तरच तिला हात लावला असता.

इथे असेंबल आणि क्रिएट यांतला फरक कळत नसेल तर थांबा आणि जाणकाराला बोलवा. असेंबल जुनी नोंद वाचून रेड उभा करतो. क्रिएट ती नोंद पुसून नवी लिहितो. एमडीएडीएमच्या आवृत्तीप्रमाणे डेटा सुरू होण्याची जागाही बदलते, त्यामुळे क्रम बरोबर दिला तरी सगळं सरकतं. वर सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणारं लिखाण) सुरू झालं की खरा डेटाच पुसला जायला लागतो. 'नेटवर एकाने क्रिएट करायला सांगितलं होतं' हे वाक्य ऐकलं की अशा कामाची आशा निम्मी होते.

फाईलची नावं विचित्र दिसली म्हणून डेटा गेला समजणे

सायनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये डेटा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा असतो: खाली रेड, त्यावर बहुधा एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा थर), त्यावर बीटीआरएफएस किंवा ईएक्सटी४ (फाईल मांडून ठेवण्याच्या पद्धती), आणि कुलूपबंद शेअर्ड फोल्डर असेल तर सगळ्यात वर इक्रिप्टएफएस (फाईलना कुलूप लावणारा थर). डिस्क लिनक्सच्या पीसीला लावून रेड उभा झाला की नावाच्या दोन्ही बाजूंना @ चिन्ह असलेलं फोल्डर दिसतं. आत प्रत्येक फाईलचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. हे बिघडलेलं नाही, हे कुलूप आहे. इथपर्यंत पोहोचलात तर अवघड काम झालेलं आहे.

पुढचा खड्डा वाईट आहे. पीसीवर इक्रिप्टएफएस चुकीच्या पासवर्डनेही माउंट होतो, म्हणजे वापरासाठी जोडला जातो. एरर येत नाही, फक्त नावं तशीच विचित्र राहतात. स्टुडिओच्या मालकाने नेहमीचा पासवर्ड दिला, फोल्डर माउंट झालं, नावं तशीच, आणि तिथेच त्यांनी हात टेकले. खरा पासवर्ड नॅसच्या खोक्याच्या झाकणावर आतून पेनने लिहिलेला सापडला; त्यातला एक शून्य इंग्रजी ओसारखा वाचला जात होता. म्हणून माउंट नेहमी रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) करा, सायफर (कुलपाची पद्धत) एईएस, किल्लीची लांबी ३२ बाइट आणि फाईलनेम एन्क्रिप्शन चालू ठेवा. नावं वाचता आली तरच पासवर्ड बरोबर समजा. रीड-राइट माउंट करून चुकीच्या पासवर्डखाली नव्या फाईल लिहिल्या गेल्या, तर एकाच फोल्डरमध्ये दोन किल्ल्यांचा माल होतो आणि निस्तरणं कठीण.

नव्या उबुंटूने (पीसीवर चालणाऱ्या लिनक्सने) सायनॉलॉजीचा बीटीआरएफएस माउंट करायला नकार दिला तर डिस्कला दोष देऊ नका. जुन्या कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा बघा.

किल्ली त्याच घरात ठेवणे

फोल्डर आपोआप उघडायची सोय लावली की वर्षानुवर्षं पासवर्ड टाकावाच लागत नाही. मग मशीन बदललं किंवा सिस्टिम नव्याने टाकली की पहिल्यांदाच तो विचारला जातो. डीएसएम (सायनॉलॉजीची सिस्टिम) ७.२ पासून, म्हणजे २०२३ पासून, पूर्ण व्हॉल्यूमच एन्क्रिप्ट करता येतो. तो तयार होताना रिकव्हरी कीची फाईल डाउनलोड होते. डिस्क दुसऱ्या नॅसमध्ये नेल्या की तीच फाईल लागते. ती त्याच नॅसवर 'इम्पॉर्टंट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणारे लोक आहेत. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद केल्यासारखं आहे हे.

ती फाईल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, पासवर्ड कागदावर लिहा, एक संच ऑफिसच्या बाहेर असू द्या. डिस्क बदलायच्या आदल्या दिवशी फोल्डर हाताने अनमाउंट करून पासवर्ड टाकून उघडून बघा. पाच मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्यांना पुढे आठवडे घालवावे लागतात.

लक्सच्या (LUKS, लिनक्सची अख्खी डिस्क किंवा व्हॉल्यूम कुलूपबंद करण्याची पद्धत) बाबतीत हेडर, म्हणजे सुरुवातीचा नोंदींचा भाग, हाच जीव. लक्स २ मध्ये तो साधारण सुरुवातीच्या १६ एमबीत असतो. तो गेला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही काही उपयोग नाही, कारण पासवर्डने उघडते ती खरी किल्ली त्या हेडरमध्येच असते. क्रिप्टसेटअप या प्रोग्रामने हेडरचा बॅकअप घेऊन ठेवा. हेडर खराब झाल्याचा संशय आला आणि व्हॉल्यूम अजून उघडा असेल, तर मशीन बंद करू नका. आधी डेटा बाहेर काढा.

बाकीच्या, थोडक्यात

विंडोजला डिस्क लावली की 'इनिशियलाइझ करू का' असं विचारतो. कॅन्सल. 'फॉरमॅट करू का' यालाही कॅन्सल.

यूएसबी डॉकमध्ये पार्टिशन दिसत नसेल तर डिस्क थेट साटाला (पीसीच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला) लावा. काही डॉक सेक्टरचा आकार बदलून दाखवतात.

फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर कुलूप उघडल्याशिवाय चालवू नका. एन्क्रिप्टेड डेटात त्याला फोटोची सुरुवात ओळखूच येत नाही, आणि मरणाऱ्या डिस्कला नुसती दमछाक.

अपग्रेडच्या आधी स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टरच्या ओळी बघा आणि डेटा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) करून घ्या. रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. लपलेला दोष तेव्हाच वर येतो.

स्वस्त म्हणून एसएमआर डिस्क (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून रिबिल्डला फार हळू) घेऊ नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red, लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, नंतर सीएमआर (पट्टे वेगवेगळे ठेवणाऱ्या) डिस्कना रेड प्लस नाव मिळालं. खोक्यावर एनएएस लिहिलंय एवढ्यावर विश्वास नको, मॉडेल नंबर तपासा.

रिबिल्डला यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी, म्हणजे लाईट गेल्यावर मशीन स्वतः बंद होईल. घरचा साधा इन्व्हर्टर त्या कामाचा नाही, लाईट गेल्यावर तो बॅटरीवर सावकाश जातो.

रेड १ असेल तर काढलेली जुनी डिस्क ही त्या क्षणाची पूर्ण प्रत असते. नवीन डिस्कवरचा डेटा उघडून, दोन-चार मोठ्या फाईल चालवून बघेपर्यंत ती विकू नका, की दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका.

परत कॉपी करताना

डेटा सुटला की तो नव्या कुलूपबंद शेअर्ड फोल्डरमध्ये टाकताना मराठी नावं अडतात. इक्रिप्टएफएसमध्ये नावाला १४३ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. म्हणजे ४७ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'विवाहसोहळा' या एका शब्दालाच ३० बाइट, 'स्त्री'ला १८. त्या स्टुडिओत वधू-वर, गाव, तारीख आणि कार्यक्रम असं सगळं फोल्डरच्या नावात होतं, त्यामुळे तीच फोल्डरं मागे राहिली. आधी एका साध्या डिस्कवर सगळं उतरवा, राहिलेल्यांची यादी कॉपीच्या लॉगमधून काढा, नावं तोकडी करा आणि मग कुलूपबंद फोल्डरमध्ये हलवा. पूर्ण व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केला असेल तर ही मर्यादा येत नाही.