नाळेतील रक्त साठवण्याच्या करारावर सही करण्यापूर्वी

ठाण्यातील एखाद्या प्रसूतिगृहात सातव्या महिन्याच्या तपासणीसाठी बसले असताना हाती नाळेतील रक्त साठवणाऱ्या खाजगी पेढीचे माहितीपत्रक आले, तर त्याच दिवशी सही करू नये. आधी घरचा एक प्रश्न सोडवावा: थोरल्या भावंडाला किंवा आईवडिलांना मूळ पेशींच्या, म्हणजे नाळेतील रक्तात असणाऱ्या आणि नवे रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या, प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार आहे का?

थोरल्याला थॅलसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार असेल, तर रक्त जरूर साठवावे. सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. १९८८ मध्ये पॅरिसला झालेल्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणातही फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलाला नवजात बहिणीच्याच नाळेतील रक्त दिले होते. अशा घरांनी प्रसूतीच्या बरेच आधी रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे.

घरात असा आजार नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणून पैसे भरू नयेत. बाळाला थॅलसेमिया असेल, तर त्याचा जनुकीय दोष नाळेतील पेशींतही असतो, त्यामुळे त्याचेच रक्त त्याच्या उपयोगी पडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही अशा खाजगी साठवणुकीची शिफारस करत नाही. त्यापेक्षा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आईची, आणि ती वाहक निघाल्यास वडिलांचीही, एचबीए२ ही थॅलसेमियाचे वाहक ओळखणारी रक्ततपासणी करून घ्यावी.

साठवायचे ठरलेच, तर पेशींची संख्या विचारावी. रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीडशे कोटी, आणि एका नाळेतून तेवढ्या बहुधा मिळत नाहीत. ही अडचण प्रयोगशाळेत पेशी वाढवून दूर करणाऱ्या ओमिडुबिसेल या उपचाराला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत पांढऱ्या पेशी पूर्ववत होण्याचा मध्यम कालावधी २२ दिवसांवरून १२ दिवसांवर आला.

प्रसूतीच्या वेळची एक गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावी. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून रक्त खाली धरलेल्या पिशवीत उतरू देतात. बाळाला काहीच दुखत नाही. मात्र पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने बांधू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार किमान एक मिनिट थांबावे, कारण त्या मिनिटात बाळाला मिळणारे रक्त त्याच्या लोहाच्या साठ्यासाठी मोलाचे असते.

करारात पेढीचा परवाना, पेशी कमी भरल्यास रक्कम परत मिळण्याची अट आणि पेढी बंद पडल्यास नमुना कोणाच्या ताब्यात जाईल, हे लेखी असल्याशिवाय पहिला हप्ता भरू नये.