ओल्या कचऱ्याची टाकी आंबली? या चुका टाळा

घरगुती बायोगॅसची टाकी उपासमारीने क्वचितच बिघडते. बिघडते ती अजीर्णाने. वास्तुशांतीची पंगत उठली की उरलेला भात, वरण, बुंदी एकदम टाकीत जातं. तीन-चार दिवसांत स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ राड्याला, आंबूस, उलटीसारखा वास सुटतो. टाकी फुगलेली दिसते, पण शेगडी काही पेटत नाही.

आत जिवाणूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली अन्न फोडून असिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार करते. ती भारी चपळ. त्या आम्लांचा शेवटी मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, करणारी दुसरी टोळी मंद आणि नाजूक. तिला सामू (pH, आम्लतेचं माप) साधारण ६.८ ते ७.५ लागतो. आम्ल साचून तो ६.५ च्या खाली गेला की तिचं काम थंडावतं; राहतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि तो कसा पेटणार?

उपाय: खरकटं टाकणं पूर्ण बंद. ताजं शेण पाण्यात कालवून घाला आणि सामू-कागदाने रोज तपासा. आकडा हलेचना, तर चुन्याची निवळी थोडी थोडी द्या. घाईने चुन्याची बादली ओतणाऱ्यांची टाकी आंबटाकडून थेट अल्कधर्मी टोकाला जाते. सामू सावरल्यावर मूठ-मूठ करत खुराक वाढवा. परभणीकडे थंडीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा खुराक एरवीही कमीच ठेवावा.

आता मोसंबी. जालन्याकडे रसवाल्यांकडून सालींची पोती फुकट मिळतात, म्हणून लोक ती टाकीत रिचवतात. सालीतलं लिमोनीन मिथेनवाल्या जिवाणूंना मारक आहे. या साली बायो-एन्झाइमला, म्हणजे साली आंबवून केलेल्या सफाईच्या द्रवाला, द्या: ३ भाग साली, १ भाग गूळ, १० भाग पाणी, मुदत तीन महिने. इथे आंबणं हवंच आहे. बाटली प्लास्टिकचीच घ्या, वर मोकळी जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करा. काचेची बाटली फुटते. वर पांढरी साय आली तर ढवळा, काळी बुरशी आली तर सरळ फेका. तयार द्रवात ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो.

नव्या टाकीचा पहिला गॅस पेटत नाही. तो उघड्यावर, विस्तवापासून लांब सोडून द्या. गळती साबणाच्या फेसाने शोधा, काडी ओढून नव्हे. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलंय.

राहिला पाण्याचा प्रश्न. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे टाकीसाठी पिण्याचं पाणी कोण देणार? तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. भांड्यांचं साबणाचं आणि फिनेलचं मात्र नको, त्याने जिवाणू मरतात.