शासन निर्णय: अर्थ, वापर आणि वाचण्याची पद्धत

‘जीआर निघाला’ हे वाक्य महाराष्ट्रात तलाठी कार्यालयापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. जीआर म्हणजे शासन निर्णय. मात्र मंत्रालयातून आलेल्या प्रत्येक कागदाला जीआर म्हणण्याची सवय अर्ज करणाऱ्याला नडते. म्हणून अर्जात ‘शासन निर्णयानुसार’ असे लिहिण्यापूर्वी हातातला कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे.

राज्य शासनाचा एखादा विभाग धोरण, योजना, निधीची मंजुरी किंवा कार्यपद्धती ठरवून ज्या दस्तऐवजाद्वारे ती निर्गमित करतो, तो शासन निर्णय होय. ठरलेल्या बाबींविषयी कार्यालयांना सूचना देणारे ते परिपत्रक. एखाद्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात काढली जाते आणि राजपत्रात प्रसिद्ध होते ती अधिसूचना. विशिष्ट व्यक्ती, पद किंवा प्रकरण यांच्यापुरता असतो तो आदेश. बदलीचा असतो तो आदेशच. मंत्रिमंडळाने एखाद्या योजनेला मंजुरी दिल्याची बातमी म्हणजे शासन निर्णय नव्हे, कारण संबंधित विभाग तो निर्गमित करीपर्यंत तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे अंमलबजावणीसाठी सहसा काहीच आलेले नसते.

शासन निर्णयाच्या शीर्षस्थानी विषय, विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. क्रमांकातील ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी येते ते कार्यासन, म्हणजे ती नस्ती (फाइल) हाताळणारी शाखा. पुढे चौकशी करायची असेल तर याच शाखेचा उल्लेख करावा. त्याखाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीच्या कागदांची यादी येते. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात, पण एकाच विषयावर तीन-चार निर्णय असतील तर त्यांची साखळी इथेच सापडते. प्रस्तावनेत पार्श्वभूमी असते. तिच्यातली वाक्ये कितीही आश्वासक वाटली तरी हक्क सांगण्यासाठी ती पुरेशी नसतात. बंधनकारक मजकूर ‘शासन निर्णय’ या उपशीर्षकाखाली सुरू होतो आणि पात्रता, अटी, मुदत व सक्षम प्राधिकारी तिथेच शोधावेत.

या भागातला एकेक शब्द तोलून वाचावा लागतो. शालेय शिक्षण विभागाच्या १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिली ते पाचवीसाठी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली होती. १७ जून २०२५ रोजी ‘अनिवार्य’ची जागा ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाने घेतली आणि एका इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा शिकवण्याची अट घालण्यात आली. त्या महिन्याच्या अखेरीस शासनाने दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा केली. अवघ्या अडीच महिन्यांत एवढे बदल झाले असताना कोणी एप्रिलचा कागद दाखवून शाळेकडे आग्रह धरला असता, तर तो निरर्थक ठरला असता. त्यामुळे नंतर शुद्धिपत्रक किंवा पूरकपत्र निघाले आहे का, हे तपासल्याशिवाय कोणताही शासन निर्णय अर्जाला जोडू नये. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ असे शब्द दिसले, तर जुना निर्णय संपला आणि त्याच्या जागी हा आला, असे समजावे.

शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असा मजकूर येतो आणि त्याखाली अवर सचिव किंवा उपसचिव अशा अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. राज्याची कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या नावाने करावी, असे संविधानाचा अनुच्छेद १६६ सांगतो; हा मजकूर त्यातून आला आहे. तरीही शासन निर्णय कायद्याच्या वर नसतो. वैधानिक नियम जिथे मौन बाळगतात, तिथली पोकळी कार्यकारी सूचनांनी भरता येते, पण त्या नियमांना छेद देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये संतराम शर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. अधिनियम आणि शासन निर्णय यांत विसंगती आढळली, तर अर्जात अधिनियमाचे कलम आधी लिहावे.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतीवर विसंबू नये. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवतात. तो संकेतांक टाकून मूळ प्रत उतरवून घ्यावी आणि तिच्याशी आपल्याकडचा कागद ताडून पाहावा. अर्जात विभागाचे नाव, शासन निर्णयाचा पूर्ण क्रमांक, दिनांक आणि नेमका परिच्छेद लिहावा. ‘शासनाच्या जीआरप्रमाणे’ एवढ्या मोघम उल्लेखावर कोणताही लिपिक टिपणी तयार करू शकत नाही. ‘आमच्याकडे असा जीआर आलेला नाही’ असे उत्तर मिळाल्यास शेवटच्या पानावरील ‘प्रति’ या यादीत त्या कार्यालयाचे किंवा त्याच्या वरिष्ठ कार्यालयाचे नाव आहे का ते पाहावे, ते पान अर्जाला जोडावे आणि अर्जाची पोच आवर्जून घ्यावी.