चित्र एका बाजूला गेलंय? रिंगांना हात लावण्याआधी या चुका टाळा

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं चित्र बोटभर सरकलं, की पहिला हात जातो ट्यूबच्या मानेवरच्या, म्हणजे मागच्या निमुळत्या नळीवरच्या, चुंबकी रिंगांवर. कारण त्या समोरच दिसतात, त्यांना धरायला कान असतात आणि फिरवल्यावर काहीतरी हलतं. बिघाड काय आहे ते बघायला मात्र कुणाला सवड नसते.

सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. काय सरकलंय, हेच पाहिलं जात नाही. रास्टर म्हणजे किरणाने काचेवर ओढलेली उजेडाची चौकट आणि चित्र म्हणजे त्या चौकटीत बसलेला मजकूर. दोन्ही वेगवेगळे सरकतात. कॉन्ट्रास्ट कमी करा, ब्राइटनेस चढवा आणि कडेच्या काळ्या पट्ट्याकडे बघा. पट्टा करडा उजळला तर रास्टर तिथवर पोचतंय, फक्त चित्र आत सरकलंय. मिट्ट काळाच राहिला तर रास्टरच तिथे येत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते सोडून लोक थेट पेचकस घेऊन बसतात.

रास्टर जागेवर असून फक्त चित्र आडवं सरकलं असेल तर रिंगांचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा हॉरिझॉन्टल होल्ड, म्हणजे चित्राच्या आडव्या ओळी जागेवर धरणारा कंट्रोल, कडेला गेलेला असतो. सिंक (सिग्नलशी जुळलेला ताल) सुटायच्या बेतात असलं की चित्र आधी एका अंगाला सरकतं, मग फाटतं. होल्ड एका बाजूला चित्र फाटेपर्यंत फिरवा, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधोमध ठेवा. एवढ्यावर भागलं नाही तरच फेज किंवा एच-शिफ्टच्या प्रीसेटकडे, म्हणजे चित्र आडवं सरकवणाऱ्या, पेचकसाने फिरवायच्या छोट्या कंट्रोलकडे वळा. नंतरच्या रंगीत सेटमध्ये हा प्रीसेट नसतो, ते काम सर्व्हिस मेनूतून, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या लपवलेल्या मेनूतून होतं. तिथे आधीचे सगळे आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय एकही बटण दाबू नये.

आता रंगीत सेटबद्दल. ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये योकच्या (मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) मागे दोन पातळ रिंगा असतात आणि त्या खरोखरच चित्र मधोमध आणण्यासाठी असतात. रंगीत ट्यूबच्या मानेवर तशाच दिसणाऱ्या रिंगांच्या तीन जोड्या असतात. त्यातली एक प्युरिटीची (प्रत्येक रंग शुद्ध ठेवणारी) आणि उरलेल्या दोन कन्व्हर्जन्सच्या (तिन्ही रंग एकमेकांवर बसवणाऱ्या). दुरुस्तीच्या टेबलावर येणारा ठरलेला नमुना असा: 51 सेंटिमीटरचा रंगीत सेट, चित्र जेमतेम बोटभर उजवीकडे. घरातल्या कुणीतरी ब्लॅक अँड व्हाइटची युक्ती ऐकलेली, म्हणून सहाही रिंगा फिरवल्या. चित्र उजवीकडेच राहिलं, वर निवेदिकेच्या एका कानाला लाल कड आली, दुसऱ्याला निळी, आणि कोपऱ्यात हिरवट डाग पडला. डाग घालवायला स्पीकरचं मॅग्नेट काचेवरून फिरवलं, तो आणखी पसरला. शेवटी योक जागेवर धरणाऱ्या रबरी पाचरी ‘कशाला आहेत?’ म्हणून उपटल्या. मूळ दोष होता एच-शिफ्टच्या प्रीसेटचा, पाव वळणाचा.

हे निस्तरायला अर्धा दिवस जातो. आधी ट्यूब डिगॉस करायची, म्हणजे तिच्यात बसलेलं चुंबकत्व घालवायचं. मग फक्त लाल रास्टर ठेवून, योक मागे ओढून, प्युरिटी रिंगांनी लाल पट्टा मध्यावर आणायचा आणि पडदा एकसारखा लाल होईपर्यंत योक पुढे सरकवायचा. त्यानंतर क्रॉसहॅच पॅटर्न, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांची जाळी, लावून चार ध्रुवांच्या रिंगांनी लाल-निळ्या रेषा एकमेकींवर आणि सहा ध्रुवांच्या रिंगांनी त्या दोन्ही हिरवीवर बसवायच्या. कोपरे राहतात ते योक किंचित कलवून, आणि मग पाचरी पुन्हा चिकटवायच्या. पाव वळणाच्या जागी हे सगळं!

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रास्टरच सरकलं असेल तर रिंगा जरूर फिरवा, पण आधी दोन्हींच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. दोन कानांमधलं अंतर बदललं की चित्र किती सरकेल ते बदलतं. दोन्ही रिंगा मिळून फिरवल्या की कुठल्या दिशेला, ते. कोपरे गोल कापल्यासारखे काळे दिसत असतील तर योक मागे घसरलाय. रिंगांनी ते कोपरे भरत नाहीत. क्लॅम्प सैल करून योक ट्यूबच्या फुगवट्याला टेकेपर्यंत पुढे ढकला. चित्र तिरकं असेल तर त्याच वेळी योक जरासा फिरवा. स्क्रू बेताने आवळा. मान तडकली की ट्यूब गेली.

चित्र वर किंवा खाली सरकणं हा वेगळाच रोग आहे, आणि रिंगांनी तो झाकणं हा फसवा शॉर्टकट. व्हर्टिकल आउटपुटचा (चित्र वरखाली पसरवणाऱ्या सर्किटचा) डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर, साधारण 1000 किंवा 2200 मायक्रोफॅरडचा, लीक झाला की योकच्या कॉइलमधून डीसी वाहतो आणि चित्र एका दिशेला ओढलं जातं. व्हर्टिकल कॉइलच्या दोन टोकांमध्ये डीसी मोजा, शून्याच्या आसपास हवा. नसेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, 105 अंश तापमान सोसणारा कपॅसिटर पोलॅरिटी बघून घाला. रिंगा फिरवून गप्प बसलात तर गळती वाढत जाते आणि चित्र पुन्हा घसरतं.

थंड सेटवर जुळवणी करू नका. वीस मिनिटं तापू द्या.

चित्राची कड दिसावी म्हणून रुंदी कमी करू नका. थोडं चित्र चौकटीबाहेर जाणं ठरलेलंच असतं.

सेटटॉप बॉक्समध्ये चित्राचा आकार 16:9 ठेवलाय की 4:3, ते आधी तपासा. वरखाली काळे पट्टे दिसले म्हणून टीव्ही उघडणारे आहेत, खरंच आहेत.

मागून वाकून पुढे बघू नका. समोर खुर्चीवर आरसा ठेवा आणि प्रीसेटला प्लॅस्टिकचा पेचकसच लावा. बऱ्याच जुन्या सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेला जोडलेली असते, त्यामुळे मध्ये सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर (ट्यूबला जाड वायर जोडलेली असते त्या टोकावर) 20 हजार व्होल्टच्या वर असतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. एक हात खिशात ठेवा, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही.

सगळं जमलं की रिंगांवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, म्हणजे त्या आपोआप फिरणार नाहीत आणि पुढे कुणी फिरवल्या तर लगेच कळेल.